तपासणीपुरती गोळी

रक्त तपासायच्या रांगेत माझ्या पुढच्या बाकावर एक रिटायर्ड फोरमन आणि त्याची थोरली बहीण बसली होती. नंबर यायला वेळ होता आणि दोघांचेही आवाज खणखणीत होते.

"कोलेस्टेरॉलची गोळी रोज घेतोस ना रे?"

"घेतो की! गेल्या पंधरा दिवसांत एकही चुकवली नाही."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी कशाला? तपासणी आज आहे ना!"

"म्हणजे तू तपासणीपुरती गोळी घेतोस?"

"हळू बोल, ताई. रिपोर्ट झकास येतो, डॉक्टर पाठ थोपटतात. आणखी काय पाहिजे?"

"दादा आठवतो का? जेवता जेवता गेला. त्यालाही कधी काही त्रास नव्हता."

"दादा रिपोर्टच काढत नव्हता. माझी फाईल बघ, सगळे आकडे जागच्या जागी."

"अरे, डॉक्टरला फसवून तुला काय मिळतं?"

"फसवतोय कुठे? कारखान्यात जन्म गेला माझा. बॉयलर तपासायला साहेब येणार म्हटलं, की आम्ही आधी पंधरा दिवस राबून तो चकाचक करायचो. साहेब खूश होऊन सही ठोकायचे. मग वर्षभर त्याच्याकडे बघायला नको."

"तोच ना, जो फुटला?"

"हो, पण त्याच्यावर सही झालेली होती."

"मग तू कसा वाचलास?"

"मला काय होणार? त्या दिवशी मी रजेवर होतो."