राणीचा स्वभाव

हॅलो?... हो, बोल. नाही, झोपले नव्हते. कपडे बघत होते, हवा दमट आहे ना, सकाळपासून वाळलेच नाहीत... शोरूममध्येच आहेस अजून? अगं, मग विचारायचं काय त्यात, मी घेतली तीच बाइक घे. राखाडी. दोघींच्या सारख्या असल्या म्हणजे वाटेत एकीचं काही बिघडलं तर... हो, हो… अगं ऐक ना...

माहितीये. बघितली की जांभई येते. कुकरसारखी दिसते, तूच म्हणालीस. असू दे... मान्य, त्या लाल गाडीत जीव आहे. आवाज छान आहे, तेही मान्य. पण मी दिवसभर स्पेअर पार्टच्या काउंटरला उभी असते ना? लाल गाडीवाल्यांशी माझी आता घरगुती ओळख झालीये. एकाच्या तर पोरांच्या परीक्षा कधी आहेत तेही माहितीये मला. आणि राखाडीवाला एकही ओळखीचा नाही. येतच नाहीत ते काउंटरला. अजून काय सांगू?

...कसला आवाज?... काही नाही. ह्यांचं काहीतरी चाललंय अंगणात. ठोकाठोकी... नाही, राणीचं नाही. स्वतःच्या गाडीला कुठले ठोकतायत, तिला तर फुलासारखं... तू सांग, सेल्समन काय म्हणतोय?

...माझा? नाही गं, ओठाला लागलंय थोडं, म्हणून शब्द जड येतायत. दार लागलं... हो, दार.

...

बरं. दार नव्हतं.

हळू बोल, तो सेल्समन समोर आहे ना. बाजूला हो जरा... झालीस? मग ऐक. ह्यांनी माझी गाडी बघितली. इतके दिवस दुकानात लपवून ठेवली होती, आज हे नसताना घरी आणून लावली, राणीच्या शेजारी. आणि हे लवकर आले. विचारलं, कुणाची? म्हटलं, माझी. बहिणीबरोबर समुद्राच्या कडेकडेने जाणार आहे, महिनाभर. आधी हसले. मग म्हणाले, चावी आण. म्हटलं, माझ्याकडे नाही. खरंच नव्हती गं, मी खुंटीला लावली होती आणि खुंटी रिकामी. मग त्याने कपाटं पाडली, आणि मग मला...

हो, 'तो'च म्हणाले. अहो-जाहो त्या कपाटांबरोबर पडलं खाली.

...मोजलं नाही. भिंतीला डोकं लागलं तेव्हा जरा वेळ काही दिसत नव्हतं. मग मीही हाणला. हेल्मेटने. कोरं करकरीत हेल्मेट गं, त्यावर त्याच्या दाताचा ओरखडा पडलाय... नको ना, मला हसायला लावू नकोस, ओठ फाटतो.

...स्वयंपाकघरात. आतून कडी लावलीये. सासूबाई आहेत बरोबर, त्यांना हाताला धरून आत ओढलं. स्टुलावर बसल्यात काठी धरून... खिडकीतून सगळं दिसतंय. पहार आहे त्याच्या हातात. तोच आवाज येतोय तुला. हेडलाइट गेला. आरसे गेले. आता टाकीवर घालतोय... हं, आडवी पाडली. लाथा घालतोय.

...पोलीस? मागच्या वेळी लावला होता की फोन. आले, चहा प्यायले, राणीवर बसून फोटो काढले, आणि जाताना मला म्हणाले, ताई, गाडीला एवढं जपणारा माणूस मनाने वाईट नसतो.

जपतो, ते खरं आहे. सुट्टीच्या दिवशी मांडी घालून बसतो तिच्यापुढे. तिचं फडकं वेगळं, तिच्याशी बोलायचा आवाज वेगळा. हवा दमट असली की ती लागत नाही, सुरूच होत नाही, तर म्हणतो, स्वभाव आहे तिचा, समजून घ्यावं लागतं. आणि ढकलायला मी. भर उन्हात हमरस्त्यावर ढकललीये तिला, ह्याच्यासकट. मी ढकलायचं आणि फोटोत हा... म्हणून तुला कधीची सांगतेय, स्वभाव-बिभाव नको. ज्याला स्वभाव असतो ना, त्याचं ओझं दुसऱ्याला वाहावं लागतं. एक स्वभाव मी घरात पाळलाय, रस्त्यावर आणखी कशाला?

थांब. आवाज थांबला.

...आत आलाय. घरात. ऐकतेस ना, हे दार आता. पहारेनेच. फळीला चीर गेली... आई, लांब व्हा तिथून... नाही, तू नको येऊस, तुला पोचायला रात्र होईल.

...घाबरलेय तर. खोटं कशाला सांगू? आज तो थांबायचा नाही, त्याचे डोळेच वेगळे आहेत... अंगणात उघडणारं दार आहे ना इकडून, पण जाऊ कशी? पायी गेले तर कोपऱ्यावर गाठेल. राणीची चावी त्याच्या खिशात, आणि माझ्या गाडीची... काय आई?

...थांब गं. आई कमरेची पिशवी सोडतायत.

चावी.

अगं, माझ्या गाडीची चावी. आईंनीच काढून ठेवली होती खुंटीवरून. तो मला मारत होता आणि ह्या कमरेला चावी बांधून बसल्या होत्या... आई, बोलायचंत ना... काय?

म्हणतात, जखम भरते. चावी त्याच्या हातात गेली असती तर तू इथेच राहिली असतीस, माझ्यासारखी.

...हो. ऐकतेय, आहे मी... आई, चला. तुम्ही पण. अहो, मी गेल्यावर तो मारणार कुणाला? उठा.

तुला हेल्मेटमध्ये खोचते, थांब... येतंय ऐकू?... बाहेर आलो. गाडी आडवी आहे. उचलतेय... आई गं... उचलली. हँडल वाकडं झालंय. टाकीला परातीएवढा खड्डा. एक दिवा वायरीला लोंबतोय... आई, पाय टाका. खांदा नको, पोटाला धरा, घट्ट... दार फुटलं.

लाग बाई. लाग.

...

लागली. पहिल्याच बटणाला लागली गं... सोड. सोड म्हणते... आई, धरून बसा... सोड तिला...

...

आहे, आहे. ओरडू नकोस कानात. मागचा दांडा धरला होता त्याने, चाक जागेवरच फिरायला लागलं. आईंनी काठी घातली मनगटावर. पोटच्या पोराच्या. हाड वाजलेलं मी ऐकलं. मग सुटलो, फाटकाला धडकून बाहेर.

...आरसेच नाहीत, मागचं दिसणार कसं? आईच बघून सांगतायत. काय आई?... राणीवर बसला. मागे यायला बघतोय म्हणे.

...नाही गं, नाही पळवता येत. वाकडं हँडल, त्यात मागे आई. राणी जोरदार आहे, ती लागली तर पुढच्या वळणाच्या आत तो आम्हाला गाठणार. चिरडेल आम्हाला... काय म्हणता?... किक मारली म्हणतात. नाही लागली. परत मारली...

अजून मारतोय.

...वाकून तिच्याशी बोलतोय म्हणे. टाकीवरून हात फिरवतोय... परत किक... उतरला. काय आई? नीट सांगा... पहार आणली?

...

आई म्हणतात, राणीला मारतोय.

...मलाही ऐकू येतंय. इथपर्यंत येतोय आवाज. तिला काहीतरी बोलतोय ओरडून, मला म्हणतो तेच असणार... वाईट वाटलं गं. हसतेस काय, खरंच वाटलं. तिचं काय चुकलं? हवा दमट होती.

...नाही, आता नाही दिसत. वळलो आम्ही... आई रडतायत. विचारलं तर म्हणतात, डोळ्यात धूळ गेली. जाऊ दे, धूळ तर धूळ... हॉस्पिटलात जाते आधी. आणि रात्री तुझ्याकडे... हो, दोघीही.

तुझं काय ठरलं?... राखाडी. बरं. रंग कुठला का असेना. फक्त त्याला मागची सीट दाखवायला सांग. बस जरा तिच्यावर, गादी जाड आहे का बघ, पाय ठेवायची पट्टी फार वर तर नाही ना... कशाला म्हणजे? समुद्रापर्यंत निम्मा रस्ता त्या माझ्या मागे बसतील, निम्मा तुझ्या. गुडघा दुमडत नाही त्यांचा.

...बरं. तूच ठेव आता. माझे दोन्ही हात हँडलला आहेत.