दर रविवारचं दूध

नाही हो, कुणाची नाही ही जागा, बसा ना – माझीच पिशवी आहे, उचलते. तुम्हालाही ते ग्लुकोजचं पाणी पाजलं? मग आता बसायचं, दुसरं काय, पुन्हा सुई टोचेपर्यंत! मला सातवा लागलाय. साखर वाढलीये म्हणतात, आज पक्कं कळेल. आणि डी व्हिटॅमिन – ते तर आधीपासूनच तळाला. तळघरात ऑफिस आमचं, ऊन कुठलं मिळायला! डॉक्टरबाईंनी पुड्या दिल्या होत्या, आठवड्याला एक, दुधातून. परवा पुन्हा तपासलं तर डी होतं तिथंच. औषध घेता ना, म्हणाल्या. घेता म्हणजे? आई स्वतः दूध करून देते दर रविवारी, पेला रिकामा होईपर्यंत समोरून हलत नाही!

हळू बोलते हं, ती पाणी आणायला गेलीये. काल कात्री हवी होती म्हणून तिच्या विणकामाच्या पिशवीत हात घातला – तर लोकरीच्या गुंड्यांखाली सगळ्या पुड्या. एकही फोडलेली नाही. म्हटलं, आई, मग दुधात काय घालायचीस? तर म्हणते कशी, "पिठीसाखर. गोडच लागायचं ना?" माझ्या आधीचं तिचं एक बाळ पोटातच गेलं होतं म्हणे, गोळ्या खाल्ल्या म्हणून – हेही मला कालच कळतंय! अगं, मग सांगायचं, भांडायचं माझ्याशी, भांडण चाललं असतं मला. हा तर केसानं गळा कापला.

आता डॉक्टरबाई म्हणतात, डी कमी होतं म्हणूनच साखर वाढली असं छातीठोक नाही सांगता येत, आणि आठवड्याच्या चमचाभर पिठीसाखरेनं तर नाहीच नाही. मान्य. पण मला त्या साखरेचं काही नाही हो. सासूबाईंनी काही दिलं असतं तर मी दहादा विचारलं असतं – आईचा पेला कोण हुंगून बघतं?

नवऱ्याला? त्याला सांगितलं, मीच विसरले घ्यायला. चिडला खूप. चिडू दे. तिचं नाव कुठल्या तोंडानं घेऊ? मी कामावर गेले की बाळ तिच्याकडेच ठेवायचं ठरलंय ना – दिवसभर – तिच्या हातचं खाणार ते… नाही, रडत नाहीये. मळमळतंय त्या पाण्यानं.

आली. आता काही बोलू नका.

काय गं? पाणी? दे इकडे – नाही, थांब. आधी तू पी.