शेवटच्या वाफ्याची रेंज

आमचे बाबा म्हंजे अजब माणूस! मी धामणगाव बढ्यात वायरलेस इंटरनेट सुरू केलं, तं टावरवर सिग्नल फेकणारा सेक्टर अँटिना रुंद पसरणारा लावावा का अरुंद, हेच ठरेना. बाबाईनं आयुष्यभर स्प्रिंकलर चालवलेलं. म्हणाले, "फवारा जितका पसरवशीन, तितका जवळ पडते. अरुंद घे."

घेतला, गावाकडे तोंड करून लावला. फक्त मळ्यातल्या आत्याच्या घरी रेंज पोचेना.

सकाळी पाहतो तं अँटिनाचं तोंड आत्याकडे!

"बाबा, हे काऊन? सारे गिऱ्हाईक गावात हायेत, तिकडं एकच घर!"

"पाणी आधी शेवटच्या वाफ्याले द्या लागते बे. जवळच्याईले झिरपूनबी भेटते."

तेवढ्यात आत्याचा पहिला व्हिडिओ कॉल आला, अन् बाबा पळत टोपी घालाले गेले.