बस म्हणणारा म्हातारा

सरका जरा पुढं. ती विडी विझव रे, धूर डोळ्यात जातो. खिंडीपलीकडच्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगते, ऐका. लेकरांनी भ्यायची गोष्ट नाही ही. ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांनी भ्यायची, आणि ज्यांच्या नावावर नाही त्यांनी तर जास्तच.

बोरदऱ्याची केसरबाई. नवरा रंगनाथ तापानं गेला. पाच एकर रान दोघा भावांचं. धाकट्यानं, भिवसेननं, वारसनोंद करताना आपलं एकट्याचं नाव लावून घेतलं. घासातला खडा काढावा, तशी केसरबाई अलगद बाहेर!

कळलं तेव्हा ती दिरापुढं उभी राहिली. तो हसला. "वहिनी, कागदाचं काय घेऊन बसलात? रान कसतं कोण? तुम्हीच ना? दिवाळी होऊ द्या, तालुक्याला जाऊन तुमचं नाव लावून टाकू."

दिवाळी झाली. म्हणाला, तुळशीचं लग्न होऊ द्या. ते झालं. म्हणाला, खंडोबाची जत्रा होऊ द्या. एकदाही 'नाही' म्हणाला नाही, बरं का! अगं, नाही म्हणणारा परवडला. होऊ द्या म्हणणारा नाही परवडत.

शेवटी तिनं पोस्टमनच्या हाती उतारा आणि नोंदीचा कागद तालुक्याच्या वकिलाकडं धाडला. दिवेलागणीला कागदांसकट उलट निरोप आला. "अपिलाला साठ दिवस. उद्या साठावा. मी सकाळी आठच्या गाडीनं जिल्ह्याला निघतोय. त्याआधी येऊन माझ्यासमोर अंगठा द्या, मुन्शी दाखल करील. उशीर माफ होतो, पण एकेका दिवसाचं कारण सांगावं लागतं. दीर थांब म्हणाला, हे कारण कोण ऐकणार?"

गावातली एस.टी. सुटते सकाळी दहाला. खिंडीची वाट सात कोस. केसरबाईनं कागद फडक्यात बांधून कंबरेला खोचले आणि निघाली. एकटी. मार्गशीर्षातली थंडी. वाटेवर चिटपाखरू नाही.

खिंड ओलांडली. पुढं उघडा माळ, माळावर एकच हिवराचं झाड. झाडाखाली घोंगडं पांघरून एक म्हातारा बसलेला. ना कंदील, ना चिलीम.

"कुठं निघालीस, पोरी?"

"तालुक्याला. कचेरीत काम आहे."

"मग घाई कशाला? कचेरी काय पळून जातीय? बस घटकाभर."

"नको बाबा." ती चालायला लागली. चालली, चालली. पुढं एक झाड. हिवराचं. झाडाखाली म्हातारा.

"बस की."

ती धावली. धाप लागेस्तोवर धावली. पुढं झाड! झाडाखाली म्हातारा! "दमलीस. बस."

चकवा!

आता चकवा लागला की काय करायचं? सांगा, सांगा. बरोबर. आहे तिथं बसायचं, उजाडेपर्यंत हलायचं नाही. आज्या-पणज्यांनी शिकवलेलं. केसरबाईलाही तेच ठाऊक. ती वाकली, बसायला हात टेकला. आणि हाताला जमीन लागली ती गुळगुळीत! सारवल्यासारखी! साऱ्या माळावर कुसळं, काटे, खडे. झाडाभोवती मात्र माणसं बसून बसून भुई घोटलेली. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. किती जण बसले असतील इथं? उजाडेपर्यंत बसलं, की आठची वेळ गेली. त्याला तिचा जीव नकोच होता. उद्याचा दिवस हवा होता!

ती ताडकन उठली. तोच मागून आवाज आला. रंगनाथचा! मेलेल्या नवऱ्याचा!

"केसर, माझ्या भावावर अपील करतेस? घरातलं घरात मिटवू. आजची रात्र थांब."

पाय जागीच रुतले. तोच आवाज, तसाच खाकरा. डोळे भरून आले बिचारीचे. आणि मग ध्यानात आलं. रंगनाथनं उभ्या जन्मात तिचं नाव घेतलं नव्हतं. 'ऐकलं का' म्हणायचा. चार माणसांत तर नुसताच खाकरायचा.

"तू माझा धनी नव्हेस!" ती ओरडली.

पण जावं कुठं? प्रत्येक वाट फिरून झाडाकडंच येत होती. तेवढ्यात खालून खळखळ ऐकू आली. कालव्याला पाण्याची पाळी सुटली होती. वाट फिरवता येते हो. उताराचं पाणी कुणाच्या बापाला फिरवता येत नाही! आणि तो कालवा तालुक्याच्या अंगाला जात होता. केसरबाई आवाजाच्या रोखानं घसरत गेली. फडकं डोक्यावर घेतलं आणि पाण्यात उतरली. कंबरभर पाणी, बर्फासारखं. पाणी नेईल तिकडं चालायला लागली.

म्हातारा काठावरून बरोबरीनं चालत होता. आता तो रडत होता. घोंगड्यातून त्यानं कागद काढला. पिवळा, घड्यांवर फाटलेला.

"माझाही ने गं. चार एकर होती. भाऊ म्हणाला, पुढल्या साली बघू. एवढा कागद घे, मग जा. क्षणभर थांब."

हात पुढं आला. लांबला. अजून लांबला. पाण्यावर आडवा झाला. आणि केसरबाईचा हात वर निघालाच होता बघा! दया आली तिला. सगळ्यांत वाईट खेळी ही.

हात मागं घेऊन ती म्हणाली, "बाबा, तुमची मुदत गेली. माझी अजून आहे."

आणि त्या हाताखालून वाकून निघाली. त्यानं पदर धरला. टर्रकन फाटला. तुकडा त्याच्या मुठीत राहिला, ती नाही राहिली.

उजाडलं तेव्हा समोर तालुक्याची घरं. ओलीचिंब, फाटक्या पदरानं ती वकिलाच्या दारात पोचली तर तो चपला घालत होता. अंगठा दिला. मुन्शीनं त्याच दिवशी अपील दाखल केलं. पुढं नऊ वर्षं तारखा पडल्या, चार प्रांतसाहेब बदलले, पण उताऱ्यावर नाव लागलं. भिवसेन काय म्हणाला माहीत आहे? "वहिनी, एवढी घाई कशाला केलीत?"

त्या वाटेला जाऊ नका. तिथं बसून सकाळी परतलेली माणसं आपल्याच गावात आहेत. धडधाकट. जेवतात, झोपतात, म्हणतात, आम्हाला तर काहीच झालं नाही. मग एक दिवस उतारा काढतात, आणि त्यावर आपलं नाव शोधत राहतात.

काय हो अण्णा, मान का खाली घातली?