अकरा नंबरचा नमुना

पशुरोग प्रयोगशाळेच्या रांगेत माझ्यापुढे दोन उंटवाले होते. थोरल्याच्या हातात डबी होती.

"काका, परत आलात? पहिला रिपोर्ट चांगला आला होता ना?" धाकट्याने विचारलं.

"आला होता. पण उंटीण पोटभर खाते आणि तरी वाळत चाललीय. मॅडम म्हणाल्या, आतड्याचा जुनाट आजार असेल तर तो एकाच लेंडीत सापडेल असं नाही, पुन्हा आणा."

"मग काल का परत पाठवलं?"

"जमिनीवरची उचलली होती. म्हणाल्या, यात दुसऱ्या जनावराची मिसळली असेल. आज शेपटीखाली हात धरून उभा होतो पहाटेपासून."

"अहो, पण मॅडम म्हणजे तुमचीच लेक ना?"

"म्हणून काय झालं? बावीस जनावरं आहेत कळपात. एकीचा रोग सुटला नजरेतून, तर सगळी पिल्लं जातील."

"निदान रांग तरी चुकवायची."

"विचारून बघ तिला."

थोरल्याचा नंबर आला, त्याने डबी खिडकीत सरकवली. आतून मॅडमचा आवाज आला. "अकरा नंबर. डबीवर तारीख नाही. लिहा आणि पुन्हा रांगेत या."

थोरला तारीख लिहून माझ्या मागे येऊन उभा राहिला.

"ऐकलंत ना?" तो मला म्हणाला. "माझी मुलगी आहे ती."