सासूबाई, शंभर मीटर आणि वारा

...बरं, उलटावं किती माणसांनी एका माणसावर? बायको चहा आणून ठेवतेय, तोही असा ठक्कन की अर्धा बशीत, मेहुणा तोंड फिरवतोय, आणि का, तर त्यांच्या आईचा जागतिक विक्रम मी घालवला. मी! आता तुम्हीच सांगा, वारा काय मी सोडला होता?... हसू नका, मैदानावरचा म्हणतोय मी.

तुम्हाला सांगतो, मी धावण्याच्या स्पर्धांत वारा मोजतो. ट्रॅकच्या कडेला एक यंत्र असतं, त्याच्या शेजारी मी. पाठीमागून येणारा वारा सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त भरला, की तुम्ही कितीही वेगात पळा, विक्रम धरत नाहीत. इतकी वर्षं मोजतोय, कुणी ओळखत नव्हतं, सुखाचे दिवस होते हो! आणि सासरे गेल्यावर आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई पळायला लागल्या. वय अठ्ठ्याहत्तर. आधी म्हणे गुडघे मोकळे होतात म्हणून, मग रोज बागेला फेऱ्या, आणि मग थेट ज्येष्ठांच्या स्पर्धेत शंभर मीटर. मी म्हटलं, "आई, जरा हळू," तर म्हणतात, "जावईबापू, हळूच जायचं तर चालेन की."

झालं, बंदूक वाजली, सासूबाई सुटल्या, आणि नेमकी तेव्हाच माझ्या मानेवर मागून गार झुळूक! घड्याळ थांबलं, लाउडस्पीकरवाला ओरडतोय जागतिक विक्रम, मेहुणा कठडा ओलांडून आत, बायको रडतेय, सासूबाई कुणाच्या तरी खांद्यावर, आणि मी यंत्राकडे बघतोय. दोन पॉइंट शून्य तीन. आता नियम असा, की पॉइंटनंतर एकच आकडा लिहायचा, आणि मागे जे काही उरेल ते वरच्याच आकड्यात ढकलायचं. म्हणजे दोन पॉइंट एक. म्हणजे विक्रम गेला.

मुख्य पंच आले, हळूच म्हणाले, "आकडा अजून तुम्हीच बघितलाय. मी जरा पाणी पिऊन येतो." कळलं ना तुम्हाला? तर मी पेन टेकवलं, दोन पॉइंट शून्य लिहायलाच टेकवलं, खोटं कशाला बोलू... पण हात चालेना. याच हातानं कितीजणांचे विक्रम कापलेत मी, त्यांचे जावई वारा मोजत नव्हते एवढाच त्यांचा गुन्हा? लिहिलं खरं ते.

मग घरी! मेहुणा म्हणतो, "भाऊजी, डास उडाला तरी याहून जास्त वारा सुटतो." बायको म्हणते, "आई नाही दिसली तुम्हाला, यंत्र दिसलं." शेजारचे जिन्यात थांबवून विचारतात, "तुम्हीच का ते वारावाले?" अहो, पण वारा काय मी सोडला होता?

सासूबाई मात्र गप्प. ते जास्त लागत होतं. दोन दिवसांनी गॅलरीत कपडे वाळत घालताना म्हणाल्या, "जावईबापू, खरं सांगा, होता वारा?"

म्हटलं, "होता, आई."

"वाटलंच मला. पाठीवर हात असल्यासारखं वाटत होतं. म्हटलं, हेच ढकलतायत, आता मागे वळून कशाला बघायचं." चिमटा लावला आणि म्हणाल्या, "म्हणजे ती धाव माझी एकटीची नव्हतीच. पुढच्या स्पर्धेत एकटी पळते."

मी दुसरा चिमटा दिला.

पुढच्या स्पर्धेत यंत्रावर दुसराच माणूस. मला बसवलं प्रेक्षकांत, पण राहवतंय थोडंच, बोट ओलं करून वर धरलं, तर बायकोनं फाडकन खाली ओढलं, "हात खाली ठेवा आधी!" वारा चक्क समोरून. आणि त्या वाऱ्याला कापत आल्या हो सासूबाई, दात ओठ खाऊन, आणि घेतला विक्रम. पक्का! मी असा उभा राहून ओरडलो की बसल्यावर कळलं, खुर्ची मागच्यांनी सरकवलीय.

त्या दुसऱ्या वारावाल्याला काल घरी जेवायला बोलावलं होतं. मेहुण्यानं त्याला शाल दिली, बायको त्याला आग्रह करकरून वाढतेय, आणि मला बाजूला घेऊन म्हणते, "बघा, किती छान मोजतात ते. जरा शिका त्यांच्याकडून."