आचारसंहितेत मरू नये

...नाही, पण मी म्हणतो काय, माणसाने कधीही मरावं! गणपतीत मरावं, लग्नसराईत मरावं, नातवाची बारावी चालू असताना मरावं, कोणी काही बोलणार नाही... पण आचारसंहितेत मरू नये! तुम्हाला सांगतो, माझ्या बापाने आयुष्यात हीच एक चूक केली. धाकू सावंत म्हणजे वेळेचा पक्का माणूस, कारखान्यात कधी लेटमार्क नाही, आणि गेला कधी? तर लोकसभेच्या मतदानाला चार दिवस असताना! सकाळी चहाचा कप हातात, म्हणाले साखर कमी आहे, आणि गेले. मी साखर घेऊन येतो तर... जाऊ दे.

तर आमचं घर घाटकोपरच्या डोंगरावर. मेट्रोतून दिसतं बघा, लोक मोबाइल काढून फोटो घेतात, काय सुंदर, काय सुंदर! सुंदर आहे हो, पण रस्ता नाही. पायऱ्या. त्याही कशा, एक गुडघ्याएवढी आणि दुसरी चपलेएवढी. दर निवडणुकीला उमेदवार खाली उभा राहतो, मान वर करतो, घाम पुसतो आणि म्हणतो, ‘निवडून आलो की पहिलं काम, तुमचा रस्ता!’ पहिलं काम! अहो, आमचा रस्ता पहिलं काम व्हायला लागला तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं, आता माझ्या पोरीचं जमतंय, आणि दुसऱ्या कामाचा अजून नंबर लागलेला नाही. बाबा दारात बसून हसायचे. मालवणचा माणूस, म्हणायचे, ‘नंदू, मी मेलंय तरी गाडी दारात येवची नाय.’ नाही आली. म्हणजे प्रेत खांद्यावरूनच उतरवायला हवं ना?

आणि खांदे कुठायत? वस्तीतली पोरं सगळी प्रचाराला! अर्धी भाऊंच्या रॅलीत, अर्धी दादांच्या रॅलीत. भाऊ आणि दादा म्हणजे आमच्याकडचे दोन मोठे उमेदवार. मागच्या निवडणुकीला दोघं एकाच जीपवर उभे होते हां, एकमेकांना पेढा भरवताना मी स्वतः बघितलंय! आता पक्ष फुटला, जीप दोन झाल्या, पेढे गेले. तर मागे उरलं कोण? मी, शेजारचा नितेश आणि गुडघा बदललेले एक काका. मी एकुलता एक, मडकं मी धरणार. म्हणजे खांदे किती? दीड!

नितेश म्हणाला, ‘नंदूकाका, टेन्शन नाय, मी भाऊंच्या ऑफिसात फोन लावतो.’ मी म्हटलं, लाव बाबा, चार पोरं पाठव म्हणावं. चार पोरं मागितली मी! त्याने भाऊच आणले!

भाऊ आले, पाठी माणसं, त्यांच्या पाठी कॅमेरा. आईच्या पाया पडले. आईने बिचारीने डोक्यावर हात ठेवला, तर कॅमेरावाला म्हणतो, ‘आजी, परत एकदा, फोकस गेला!’ नवरा तिथे जमिनीवर ठेवलाय आणि ही परत एकदा आशीर्वाद देतेय! तोवर दादांना कळलं. कसं कळणार नाही? आमच्याकडे पाणी आलेलं कळत नाही, पण भाऊ आलेले लगेच कळतं. दादाही आले धापा टाकत, तेवढीच माणसं घेऊन. दीड खांदा होता, त्याचे दीडशे झाले! आता तुम्ही म्हणाल, मग अडलं काय? अहो, दोघांनाही पुढचाच खांदा पाहिजे! मागच्या खांद्याचा फोटो येत नाही ना! शेवटी भाऊ उजवीकडे, दादा डावीकडे. भाऊ ताडमाड, दादा बुटके. उचलल्याबरोबर बाबा कलले! आई ओरडली, ‘अरे पडतले ते!’ आणि मागून पोरं काय बोलतायत? राम बोलो भाई राम? छे! ‘भाऊ, तुम आगे बढो!’ लगेच तिकडून, ‘दादा, तुम आगे बढो!’ अरे, पुढे पायऱ्या आहेत! आगे बढो कसलं, गडगडत जातील तिघेही! म्हणून म्हणतो, आचारसंहितेत मरू नये.

आता खरी गोष्ट सांगतो. मडकं धरणारा सगळ्यांच्या पुढे चालतो, बरोबर? तिरडीच्याही पुढे. बापाच्या पुढे चालायचं म्हणजे आयुष्यात एकदाच, आमच्याकडे एरवी कोणाची हिंमत नव्हती. मी पुढे झालो. हातात मडकं, मडक्यात गोवऱ्या पेटलेल्या. दोन पायऱ्या उतरलो नाही तोच कॅमेरावाला, ‘ओ काका, साइडला व्हा ना, साहेब झाकतायत!’ मी म्हटलं, अरे मी मुलगा आहे. तर म्हणतो, ‘हो हो, तुमचाही घेतो नंतर.’ नंतर? नंतर कधी, माझ्या वेळी? आणि मला धरून पार मागे नेलं, त्या गुडघेवाल्या काकांच्या मागे! बापाची यात्रा चाललीय आणि पोरगा शेवटी, हातात मडकं घेऊन... तुम्हाला खोटं वाटेल, मला मेलेल्या बापाची भीती वाटली. वाटलं, उठून बसतील आणि विचारतील, ‘नंदू, खय मराक गेलंस?’

पण देवाला काळजी. वारा फिरला, मागून मडक्याचा धूर सरळ पुढे, आणि भाऊंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी! कॅमेरावाला खूश! ‘काका, या या, पुढे या, असंच धरा, हलू नका!’ आता मी भाऊंच्या नाकासमोर. ते बघून दादांचा माणूस माझा दंड ओढतो, ‘इकडे पण द्या ना थोडा धूर, आम्ही काय पाप केलंय?’ म्हणजे डास मारणारा महापालिकेचा माणूस झालो मी! घटकेत उजवीकडे धूर, घटकेत डावीकडे धूर. त्या ओढाताणीत मडकं कलंडलं, गोवऱ्या पायरीवर पडल्या, आणि नेमकं तिथेच कोणाच्या तरी मोरीचं पाणी. फुस्स! विझलं. घरातून निघालेला विस्तव, माझ्या हातात दिलेला, विझला.

मी तिथेच बसलो हो. रडू तेव्हा आलं मला, धुराशिवाय. पण कॅमेरा तिकडे नव्हता. एक पोरगा आला, गळ्यात उमेदवाराचा पट्टा, खिशातून सिगरेटचा लायटर काढला, कापूर लावला, गोवऱ्या पेटवल्या आणि म्हणाला, ‘झालं काका, चला, साहेबांना पुढे मुलुंडला सभा आहे.’ माझ्या बापाला अग्नी मिळाला तो पक्षाच्या लायटरचा. कुठल्या पक्षाचा, ते मी बघितलंही नाही.

खाली उतरलो तर भरारी पथक उभं! निवडणूक ड्युटीवरचे एक मास्तर, गरीब माणूस, घामाघूम. ‘परवानगी आहे का?’ कसली? ‘मिरवणुकीची.’ अहो साहेब, प्रेत आहे! ‘ते दिसतंय मला. पण उमेदवार दोन आहेत, घोषणा आहेत, हार आहेत. हारांचा खर्च कुणाच्या नावावर टाकू?’ आता इतका वेळ खांद्याला खांदा लावून चाललेले भाऊ आणि दादा, दोघांनी एकदम एकमेकांकडे बोट दाखवलं! खांदा सोडून! नितेशने धावत जाऊन तिरडी धरली म्हणून, नाहीतर... सांगितलं ना, आचारसंहितेत मरू नये!

संध्याकाळी फोटो आला मोबाइलवर. ‘ज्येष्ठ नागरिकाला निरोप देताना भाऊंना अश्रू अनावर.’ मी आहे त्यात. म्हणजे माझा हात आहे, मडक्याखाली. बाबा नाहीत. बाबांच्या जागी निशाणी होती, बटण दाबायची.

मग निवडून कोण आलं? काय फरक पडतो? दहाव्याला दोघंही आले नाहीत, कावळा मात्र लगेच आला, त्याला आचारसंहिता नाही. आणि पायऱ्या? त्या तर पाइप टाकायला खोदल्या, आता अर्ध्या पायऱ्याही राहिल्या नाहीत.

एके दिवशी आई म्हणाली, ‘नंदू, मी काय निवडणुकीत मरूचंय नाय. मधल्या वर्साक मरान. तेव्हा कोण येवचो नाय. तेव्हा तरी तू फुडे चल हां.’ मी त्या खोदलेल्या पायऱ्यांकडे बघितलं, वस्तीतल्या बंद दारांकडे बघितलं, अर्धी माणसं बदलापूरला राहायला गेलेली, आणि म्हटलं, आई, पुढे मी चालेन गं, पण मागे कोण? मधल्या वर्षात मला दीडच खांदा मिळेल. तू आपली निवडणुकीतच जा.

आईने बोटांवर निवडणुका मोजल्या. मग म्हणाली, ‘बरा. मगे म्युन्शिपालटीची निवडणूक लागली काय जातंय.’

आता बोला! महापालिकेची निवडणूक किती वर्षं लांबतेय, तुम्हाला माहितीच आहे. लोक चिडतात, नगरसेवक नाही, गटार कोणाला सांगायचं, लोकशाहीचं काय होणार... बरोबर आहे त्यांचं. पण मी सकाळी पेपर उघडतो, तारीख आजही जाहीर नाही ना बघतो, आणि आईच्या चहात साखर जरा जास्तच घालतो.